सामंत आधी शेजारी होता

प्रश्न : आमचं आडनाव सावंत. थोरल्या सुनेचं माहेर सामंतांचं. लग्नाच्या बोलणीतच कुणीतरी म्हणालं, की दोन्ही आडनावं मुळात एकच. त्यावरून सासरची आणि माहेरची माणसं अजून एकमेकांना चिडवतात. गेल्या महिन्यात नातवाने शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं, ‘सामंत म्हणजे मांडलिक’. तेव्हापासून आमच्या आईने धोशा लावलाय, “मगे आमी कोणाचे मांडलिक होतव?” तिला काय उत्तर देऊ?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : आईंना आधी सांगा, की काळजी करू नका. हा शब्द जन्मला तेव्हा कुणाचाच मांडलिक नव्हता. तो शेजारी होता. साधा, बांधाला बांध असलेला शेजारी.

आता तुमची दोन आडनावं. शब्द एकच, हे खरं. संस्कृतातला दोन स्वरांच्या मधे सापडलेला ‘म’ आपल्याकडे येईपर्यंत बहुतेक वेळा ‘व’ होतो. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, जामाताचा जावई, गोस्वामीचा गोसावी. तसा सामंतचा सावंत. म्हणजे सून जो शब्द घेऊन आली तो पोथीतून जसाच्या तसा उचललेला, आणि तुमच्याकडे होता तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेला. पण शब्द एक म्हणून घराणं एक, असं मात्र समजू नका. कुलकर्णी, देसाई, पाटील यांच्यासारखंच हे पदावरून आलेलं आडनाव आहे. पदं गावोगाव होती, माणसं वेगवेगळी होती. सोयरीक बिनघोर टिकवा.

याच रांगेतला आणखी एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला. सीमाची झाली शीव. मुंबईच्या लोकलमध्ये बसून रोज ‘शीव’ स्टेशनावरून जाणाऱ्या कितीजणांना माहीत असतं, की आपण एका हद्दीवरून चाललो आहोत? एका बाजूला मुंबईचं बेट, दुसऱ्या बाजूला साष्टी, आणि एके काळी अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. ही शीव आणि तुमचा सामंत यांचं फार जवळचं नातं आहे.

सामंत आला ‘समन्त’वरून. सम्‌ अधिक अन्त. अन्त म्हणजे इथे मरण नव्हे. टोक, कड, काठ. जिथे कडा जुळतात ते समन्त, म्हणजे सगळ्या बाजूंनी लागून असलेलं. हा शब्द तुम्ही रोज वापरता आणि तुम्हाला पत्ताही नाही. ‘पहिला पाऊस पडला आणि आसमंतात मातीचा वास भरला’ हे वाक्य प्रत्येकाने शाळेच्या निबंधात एकदा तरी लिहिलेलं असतं. त्या आसमंताच्या पोटात तोच समन्त बसलेला आहे. आसमंत म्हणजे आपल्या चहूबाजूंचं, आणि सामंत म्हणजे त्या चहूबाजूंना राहणारा.

हे कळलं तेव्हा मला हसूच आलं, कारण माझी सगळी नोकरी सामंतांना नोटिसा बजावण्यात गेली. मी भूकरमापक होतो. जमिनीची मोजणी निघाली, की अर्जदाराइतकीच महत्त्वाची नोटीस असते लगतच्या खातेदारांना : अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक गट नंबरची मोजणी आहे, हजर राहावे. चारी बाजूंचे शेजारी बांधावर उभे राहिल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. खरेदीखतातही आधी चतुःसीमा येतात. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. तुम्ही कोण हे ठरायच्या आधी तुमच्या कडेला कोण हे ठरतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले सामंत नेमके हेच लोक आहेत. जमीन विकायची असेल तर ती घेण्याचा पहिला हक्क कुणाचा? ‘ज्ञातिसामन्तधनिकाः क्रमेण’, असं तो म्हणतो. आधी नातलग, मग सामंत, मग सावकार. इथे सामंतचा अर्थ मांडलिक राजा असा लावून बघा. काका, मांडलिक राजा आणि सावकार असे तिघे तुमच्या अंगणात परसाचा भाव करायला उभे! घर विकायचं तर शेजारच्या चाळीस कुळांसमोर, घराच्या दारात उभं राहून पुकारा करायचा : या किमतीला कोण घेणार? तीनदा पुकारून कुणी हरकत घेतली नाही तर गिऱ्हाइकाला घर मिळे. आपल्या लिलावातलं एकवार, दोनवार, तीनवार किती जुनं असावं याचा अंदाज करा. दोन गावांमध्ये शिवेचा तंटा लागला तर निवाडा करणारेही सामंतच, म्हणजे आजूबाजूच्या पाच गावांचा किंवा दहा गावांचा समूह.

मनुस्मृतीतल्या आठव्या अध्यायात तर शिवेच्या भांडणाची अख्खी मोजणीच आहे. साक्षीदार नसतील तर भोवतालच्या चार गावांतल्या, ‘सामन्तवासी’ लोकांनी राजासमोर हद्द ठरवायची. डोक्यावर माती घ्यायची, गळ्यात माळ, अंगावर तांबडी वस्त्रं, आपापल्या पुण्याची शपथ, आणि मग चालत हद्द दाखवायची. सामंत खोटं बोलले तर प्रत्येकाला वेगळा मध्यम साहस दंड, म्हणजे ‘पण’ नावाची पाचशे नाणी. आपल्याकडेही शिवेच्या वादात गावच्या महाराची साक्ष अखेरची मानत. हद्द त्याच्या पायाखालची असे.

तिथेच एक यादी आहे. हद्द कळावी म्हणून जमिनीत काय काय पुरून ठेवावं : दगड, हाडं, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, वाळलेलं शेण, विटा, कोळसे, खडे, वाळू. मी ही यादी पहिल्यांदा वाचली ती निवृत्तीनंतर. वाचता वाचता चष्मा काढून ठेवला. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट आठवली. घाटावरच्या एका गावात हद्दीचा दगड कुणीतरी उपटून दोन हात आत सरकवला होता. नकाशा एक सांगत होता, दगड दुसरंच. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी. तेव्हा पलीकडच्या शेतातली एक म्हातारी पुढे आली. “दगुड हलला आसंल, त्येच्या बुडचं न्हाई हलायचं,” म्हणाली आणि जागा दाखवली. पहारीने हात-सव्वा हात खणलं, तर मूठभर कोळसे निघाले. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि चोरून नेण्यासारखा तो नसतो. साखळी लावून बघितली, नकाशाशी बरोबर जुळलं. ती म्हातारी वादीही नव्हती, प्रतिवादीही नव्हती. शुद्ध अर्थाने ती त्या शेताची सामंत होती.

मग हा बांधावरचा शेजारी दरबारात हात जोडून उभा कसा राहिला?

राजांनाही बांध असतोच. म्हणून लगतच्या राजालाही सामंतच म्हणत. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख घ्या. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय कुठे कुठे केली, ते त्यात सांगितलंय. अंतियोक नावाच्या यवनराजाच्या राज्यात केली आणि त्या अंतियोकाच्या शेजारच्या राजांकडेही केली. डेहराडूनजवळच्या काळशीच्या खडकावर या शेजारच्या राजांना ‘सामंता लाजानो’ म्हटलंय, आणि गिरनारच्या खडकावर त्याच वाक्यात त्याच जागी ‘सामीपं राजानो’ आहे. एकाच आज्ञेच्या दोन प्रती. एकीत सामंत, दुसरीत समीप. शब्दाचा अर्थ सांगणारा याहून चांगला साक्षीदार मला तरी माहीत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सामंत राजा म्हणजे फक्त जवळचा राजा, हे दोन दगड मिळून सांगतात.

पण शेजारी राजा ही सुखाची गोष्ट नव्हे. कौटिल्यच म्हणतो, की ज्याची भूमी आपल्याला ‘समन्ततः’ लागून आहे तो शत्रू, आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र. मोजणीच्या नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. कोर्टात गेलेली भांडणं शंभरातली नव्वद लगतच्याशीच. (हा आकडा माझा, सरकारी नव्हे.)

पुढे काय झालं ते शब्दात नाही, राजकारणात बघायचं. मोठा राजा शेजाऱ्याला हरवायचा, पण त्याचं राज्य दर वेळी खालसा करायचा नाही. समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या प्रशस्तीत दक्षिणेतल्या राजांबद्दल सांगितलंय, की त्यांना धरलं, सोडलं आणि त्यांच्यावर अनुग्रह केला. कडेच्या राजांना तिथे ‘प्रत्यन्त-नृपती’ म्हटलंय. पुन्हा तोच अन्त, तीच कड. कर द्यायचा, आज्ञा पाळायची, मुजऱ्याला यायचं. म्हणजे माणूस होता तिथेच राहिला, त्याच जमिनीवर, त्याच गादीवर. नकाशावरची त्याची जागा बदलली नाही म्हणून त्याचं नावही बदललं नाही. मान तेवढी खाली गेली. आणि मग हळूहळू त्या खाली गेलेल्या मानेलाच सामंत म्हणू लागले.

सहाव्या शतकात हा बदल पुरता झालेला दिसतो. हूणांच्या मिहिरकुलाला नमवणारा यशोधर्मा, त्याचे दोन जयस्तंभ मंदसोरजवळ सोंदणीला आहेत. त्यावरच्या लेखात कवी म्हणतो, की लौहित्य म्हणजे ब्रह्मपुत्रेपासून महेंद्र पर्वतापर्यंत आणि हिमालयापासून पश्चिम समुद्रापर्यंतचे सामंत त्याच्या पायाशी वाकतात, आणि त्यांच्या मुकुटातल्या रत्नांच्या किरणांनी जमीन चित्रविचित्र होते. अतिशयोक्ती सोडून द्या. पण ब्रह्मपुत्रेकाठचा राजा माळव्याचा शेजारी कसा होईल? इथे शेजार संपला. उरली ती मांडलिकी.

शंभरेक वर्षांनी, शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४-३५ मध्ये, ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरवली. तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांच्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे तोच हा लेख. त्यात हर्षवर्धनाचं वर्णन आहे : सामंतांच्या सेनेच्या मुकुटमण्यांची किरणं ज्याच्या पायावर पडत, त्या हर्षाचा ‘हर्ष’ पुलकेशीच्या भीतीने गळून गेला. इतका जीवघेणा श्लेष करणारा कवी, आणि त्याच्या लेखी सामंत म्हणजे पायाशी मुकुट टेकवणारा. बाणभट्टाच्या हर्षचरितात हर्षाच्या छावणीच्या दाराशी ताटकळलेल्या अशा मंडळींचं वर्णन आहे. लढाईत जिंकलेले ‘शत्रुमहासामंत’ तिथे दर्शनाची वाट बघत बसलेले आहेत.

तेव्हा आईंना सांगायचं ते असं. कुणाचे मांडलिक हे आडनावावरून कळणार नाही. राजे बदलत गेले आणि पद तेच राहिलं. कोकणात तर हे पद एवढं प्रतिष्ठेचं झालं, की वाडीच्या भोसल्यांनी आपल्या नावापुढे ‘सावंत’ अभिमानाने लावलं आणि अख्ख्या गावाचं नाव सावंतवाडी झालं. मांडलिकाच्या नावाने शहर वसलं, याचं आईंना समाधान वाटायला हरकत नाही.

प्रश्न : मी बी.ए.ला इतिहास घेतला आहे. मध्ययुगीन युरोपातल्या ‘व्हॅसल’ला आमच्या नोट्समध्ये ‘सामंत’ म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने तयार झाले का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : मुली, परीक्षेत सामंत लिही, मार्क मिळतील. पण हे दोन शब्द एकाच जिन्यावर एकमेकांना ओलांडून गेलेले आहेत. आपला वरून खाली आला, त्यांचा खालून वर गेला.

व्हॅसल हा लॅटिनमधून आलेला असला तरी मूळचा लॅटिन नव्हे. तो केल्टिक लोकांचा. त्यांच्या भाषेत ‘वासो’सारखा एक शब्द होता, अर्थ पोरगा, पोऱ्या, हाताखालचा गडी. वेल्श भाषेत ‘ग्वास’ हा त्याचा वंशज अजून नोकर आणि पोरगा याच अर्थाने आहे. ब्रेटन भाषेत ‘ग्वाझ’ म्हणजे पुरुष किंवा नवरा. आता यावर मी काही बोलत नाही, घरी वाचलं जातं. फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात, सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, ‘वास्सुस’ हा चक्क बंदा नोकर आहे.

दोनअडीचशे वर्षांत तो कुठे पोचला बघ. ७५७ साली बव्हेरियाचा ड्यूक टासिलो कोंपिएन्य इथे फ्रँकांच्या पेपिन राजापुढे आला आणि आपले जोडलेले हात त्याने राजाच्या हातांत देऊन स्वतःला त्याचा वास्सुस म्हणवून घेतलं. एका मोठ्या मुलुखाचा धनी, आणि त्याला लावलेला शब्द पोऱ्याचा. का, तर राजाच्या घरचा पोऱ्या असणं हाच तोवर मान झाला होता. आपल्याकडे हुजऱ्या, खासगीवाले, पोतनीस ही माणसं राजाच्या नुसत्या जवळ असण्याने कशी मोठी झाली ते आठव.

आणि जे पोरगे वर चढू शकले नाहीत त्यांचं काय? त्यांना फ्रेंचमध्ये ‘वासले’ म्हणत, म्हणजे छोटा वास्सुस. त्याचंच पुढे व्हॅले झालं. मोठ्या हॉटेलाच्या दारात गाडीची किल्ली हातात घेणारा तो व्हॅले आणि बव्हेरियाचा ड्यूक, शब्दाच्या हिशेबाने चुलतभाऊ आहेत.

हा फरक मला नुसता भाषेचा वाटत नाही. तिकडच्या शब्दात नातं माणसाचं माणसाशी आहे, हातात हात. आपल्या शब्दात नातं जमिनीचं जमिनीशी आहे, कडेला कड. म्हणून ‘फ्यूडल’ व्यवस्था भारतात होती की नाही यावर रामशरण शर्मांच्या १९६५च्या पुस्तकापासून इतिहासकारांत जी खडाजंगी चालली आहे, ती वाचताना हे दोन शब्द शेजारी ठेवून वाच. आणि मराठीत लिहिताना ‘सामंतशाही’पेक्षा ‘सरंजामशाही’ जास्त चालतो, हेही ध्यानात असू दे. सरंजाम फारसी, म्हणजे सामानसुमान, तयारी, तजवीज. लग्नाचा सरंजाम म्हणतो तोच. सरदाराला फौज बाळगायला जो मुलूख लावून दिला तो त्याचा सरंजाम.

प्रश्न : एका संग्रहालयात ताम्रपटाच्या खाली भाषांतर लिहिलं होतं : ‘ज्याने पाच महान शब्द प्राप्त केले आहेत असा महासामंत’. हे पाच शब्द कोणते? चौकीदाराला विचारलं, तो म्हणाला साहेबांना विचारा, आणि साहेब रजेवर.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ते शब्द बोलायचे नाहीत, ऐकायचे आहेत. ताम्रपटात असतं ‘समधिगतपञ्चमहाशब्द’. इथे शब्द म्हणजे आवाज. शिंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा ही पाच वाद्यं आपल्यापुढे वाजवत जाण्याचा मान. तम्मट हे डफासारखं वाद्य. वाद्यं विकत कुणालाही घेता येतात. ती वाजवत रस्त्याने जाण्याची परवानगी मात्र वरून मिळावी लागे. लाल दिव्याच्या गाडीचा जमाना आपण पाहिलाय, त्यामुळे हे समजायला अवघड नाही. काही अभ्यासक याचा अर्थ ‘महा’ने सुरू होणारी पाच पदं असाही लावतात. मला वाद्यंच पटतात.

तुम्ही ठाण्याचे, म्हणून सांगतो. तुमच्या गावावर राज्य केलेल्या उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत ही बिरुदावली पुन्हा पुन्हा येते : पंचमहाशब्द मिळवलेला, महासामंताधिपती, तगरपुराचा परमेश्वर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राष्ट्रकूटांचे हे मांडलिक स्वतःला एका जुन्या नगराचे परमेश्वरही म्हणवून घेत.

त्यांचे धनी राष्ट्रकूट तरी कुठून आले? शके ६६३च्या, म्हणजे इ.स. ७४१-४२च्या वेरूळच्या ताम्रपटात दंतिदुर्ग हा पंचमहाशब्दवाला महासामंताधिपतीच आहे, चालुक्यांच्या हाताखालचा. शके ६७५चा दुसरा ताम्रपट गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचा. त्यात तोच दंतिदुर्ग ‘महाराजाधिराज परमेश्वर परमभट्टारक’. मधे बारा वर्षं. पाच वाद्यांवर त्याचं भागलं नाही.

प्रश्न : शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला सुमंत म्हणजे सामंतच का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. कानाला जवळचा, कुळाने लांबचा. ‘डबीर’ या फारसी पदाला १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ‘सुमंत’ हे संस्कृत नाव दिलं गेलं. त्याचं काम परराज्यांशी बोलणी, त्यांचे वकील, त्यांची पत्रं. म्हणजे कौटिल्याच्या जुन्या अर्थाने बघितलं, तर सुमंताचा सगळा दिवस सामंतांशी बोलण्यातच जायचा.